सापडलं की कळलं?

चाकणच्या कारखान्यांत क्वालिटीच्या रिपोर्टमध्ये असं वाक्य सहज खपून जातं: 'वी फाउंड आउट वन क्रॅक.' वस्तू सापडली की नुसतं 'फाउंड'. विचारपूस करून, तपासून माहिती मिळाली की 'फाउंड आउट'. तडा सापडतो, तो का गेला ते कळतं. मराठी बोलताना आपण यात कधी गोंधळ करत नाही. मग इंग्रजी लिहिताना आधी मराठीतच विचारावं, सापडलं की कळलं?

एका ठिकाणी मात्र मराठी मदतीला येत नाही. गुरुत्वाकर्षणाचाही आपण 'शोध लावतो' आणि टेलिफोनचाही. इंग्रजीत आधीपासून होतं ते 'डिस्कव्हर', नव्हतं ते घडवलं तर 'इन्व्हेंट'. उदाहरण पिंपरीतलंच घ्या. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं, तेही मातीतल्या एका जिवाणूपासून. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे गावाचंच! तिथे 'डिस्कव्हर'च हवं. त्याची गोळी बनवायचं यंत्र कुणी नव्याने घडवलं, तर ते 'इन्व्हेंट'.

कुणी म्हणेल, अर्थ पोचला ना, मग झालं. मला हे पटत नाही. 'प्रॉब्लेम फाउंड' एवढं लिहून फाइल बंद होते, सगळ्यांना वाटतं काम झालं. कारण कुणालाच कळलेलं नसतं, आणि पुढच्या लॉटमध्ये तोच तडा पुन्हा येतो. तेव्हा बोलणी खातो तो मशिनवरचा पोरगा. क्रियापद नीट निवडलं असतं, तर निम्मं काम उरलंय हे कागदावरच दिसलं असतं.