मार सोसणं म्हणजे माया नव्हे



माझा मुलगा दहा वर्षांचा असताना मला मारत असे. रागाच्या भरात एखादा फटका, असं नव्हे. लाथा, चावे, एकदा नेम धरून फेकलेला रिमोट. दंडावरचे वळ झाकायला ऐन जूनमध्ये लांब बाह्यांचे कुर्ते घालून मी आपल्या कार्यक्रमांना येत होते आणि घरगुती हिंसेवरच्या चर्चेत हिरिरीने बोलतही होते. तो आता सतरा वर्षांचा आहे. हे पत्र त्याने वाचलं आहे आणि त्याच्या परवानगीनेच मी ते पाठवते आहे.

आपल्या चर्चेत नवरा मारतो, सासू छळते, इथवर आपण पोचतो. मुलगा आईला मारतो, हे मात्र हिंसेच्या यादीत बसत नाही. तिथे आपण 'तापट आहे', 'अभ्यासाचा ताण आहे' म्हणून मोकळे होतो. मुलीने हेच केलं तर आपण एवढे समजूतदार राहू का? माझ्या सासूबाई म्हणायच्या, "अगं, बाळकृष्ण तरी कमी खोड्या करायचा का?" कृष्णाने मडकी फोडली, लोणी चोरलं, यशोदेवर हात उचलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि मर्यादा ओलांडल्यावर तिने त्याला उखळाला बांधलंच होतं!

मी तोंड उघडलं तेव्हा दोन प्रकारचे सल्ले मिळाले. पहिला, चौदावं रत्न दाखवा. नवऱ्याने दोनदा दाखवलं. त्या दिवशी घर शांत झालं. दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसात असताना मला दुप्पट मार बसला. मुलगा एवढंच शिकला की बलवानापुढे नमायचं आणि दुबळ्याला बडवायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ साली पालकांना स्पष्ट सांगितलं, की मारण्याने आणि अपमान करण्याने मुलांमधली आक्रमकता दीर्घकाळात वाढते.

दुसरा सल्ला इथल्या सुशिक्षितांचा. त्याच्या भावना समजून घ्या. मी समजून घेतल्या. लाथ खाता खाता समजून घेतल्या. भावना समजून घेणं आवश्यकच आहे, पण राग येणं आणि मारणं यांच्यामध्ये रेघ आखायची कोणी? जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने ऑरेगॉनमध्ये कुटुंबांचं निरीक्षण करून हे चक्र मांडलं. आपण गृहपाठाला बसवतो, मूल भडकतं, आपण माघार घेतो. मुलाचा गृहपाठ टळतो, आपला त्रास टळतो. दोघांनाही बक्षीस मिळतं, म्हणून पुढच्या वेळी मूल लवकर भडकतं आणि आपण लवकर माघार घेतो. माझी 'माया' म्हणजे बऱ्याच अंशी ही माघार होती.

मार्ग सापडला तो तेल अवीवच्या हाइम ओमेर यांच्या २००४ सालच्या पुस्तकात. गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसक प्रतिकारावरून त्यांनी हिंसक मुलांच्या पालकांसाठी पद्धत बेतली. २ ऑक्टोबरला फोटोला हार घालणाऱ्या आपल्याला हे घरात वापरायचं सुचलं नाही, याची मला लाज वाटली. दांडीला निघण्याआधी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण काय करणार ते कळवलं होतं. आम्हीही एका शांत रविवारी मुलाला कागदावर लिहून वाचून दाखवलं: तू आम्हाला हवा आहेस. मारणं यापुढे चालणार नाही. आम्ही तुला मारणार नाही, ओरडणार नाही. पण हे लपवणारही नाही. आपल्या माणसांना सांगणार.

त्यानंतर त्याने मारलं की त्या क्षणी वाद नाही. धाकटीला घेऊन मी दुसऱ्या खोलीत जायचे. तो निवळल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघं त्याच्या खोलीत धरणं धरून बसायचो: "असं पुन्हा होऊ नये म्हणून तू काय करशील, ते ऐकायला बसलो आहोत." उत्तर आलं तर ठीक, नाही तर तासाभराने मुकाट उठायचो. सर्वांत मोठा परिणाम झाला तो त्याच्या काकाच्या फोनचा. "मंगळवारी तू आईला मारलंस ते मला कळलंय. तू मला आवडतोस. यातून बाहेर पडायला मी काय मदत करू?" एवढंच. गुपित फुटलं आणि मारण्यातली अर्धी ताकद गेली.

जादू झाली नाही. आठ महिने लागले आणि एक दरवाजा मोडला. डॉक्टरांकडे तपासणीत एडीएचडी निघाला, त्यावर उपचार झाले. म्हणून सांगते, डॉक्टरांना आधी विचारा. 'मूल काढून नेतील' या भीतीने मी वर्षभर त्यांच्यापासून लपवलं. कळवण्याचं कायदेशीर बंधन डॉक्टरांवर असतं ते मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याच्या संशयाबाबत. मुलाच्या हातून मार खाणारी आई मदत मागायला आली, हा तसा गुन्हा नव्हे. मानसिक संकटासाठी २०२२ पासून ९८८ हा नंबर आहे; जिवावर बेतलं तर अर्थातच ९११.

पण डॉक्टर, पुस्तक, नंबर यांना काकाची जागा घेता येत नाही. इथे आपल्यापैकी अनेकांचे काका-मामा आठ हजार मैलांवर असतात. ती जागा तुम्ही घ्यायची आहे. आपल्या मंडळातली कोणी मैत्रीण चाचरत असं काही सांगू लागली, तर "आमच्याकडे बाई असलं नाही" म्हणू नका आणि दोन ठेवून द्यायचा सल्लाही देऊ नका. तिच्या मुलाला फोन करा, आणि पुढच्या शनिवारी त्याला क्रिकेट खेळायला घेऊन जा.

आपली,
न्यू जर्सीतील एक आई