जनावर मेलं तर मदत, दूध ओतलं तर?

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला. माढा तालुक्यातल्या दारफळ, उंदरगावसारख्या गावांत पाणी शिरलं, नदीकाठची वीज गेली. पण वीज गेली म्हणून गाय दूध द्यायची थांबत नाही. दोन्ही वेळा धार काढावीच लागते, नाहीतर कास सुजते. काढलेलं दूध काही तासांत चार अंशांपर्यंत थंड झालं नाही, तर नासतं. संकलन केंद्राचा बल्क कूलर बंद आणि टँकरला रस्ता नाही, म्हटल्यावर दूध ओतून देण्याशिवाय काय उरतं?

आता आपत्ती मदतीचे निकष पाहा. दुधाळ गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 रुपये, शेळी-मेंढीला 4,000. म्हणजे जनावर मेलं तर मदत. ते जगलं आणि दूध वाया गेलं, तर निकषांत त्याला रकानाच नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 57 नुसार सेवेत कसूर झाली तर ग्राहकाला भरपाई मिळते, पण वादळ-पुराच्या वेळी वीज कंपनीला त्यातून सूट मिळते. पिकाची मदत सातबाऱ्यावर. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, फक्त दावणीला दोन गायी आहेत, त्याने कुठे जायचं? आपल्यातही असे अनेक आहेत.

‘खोटे दावे येतील’ ही सबब चालणार नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी 5, मग 7 रुपये अनुदान थेट बँक खात्यात देण्याची योजना आणली. त्यासाठी गायीच्या कानात 12 अंकी बिल्ला आणि ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. रोजचे लिटर, फॅट, एसएनएफ केंद्राच्या संगणकात असतातच. मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. आधीच्या दहा दिवसांची सरासरी काढून वीज नसलेल्या दिवसांची घट मोजणं अवघड नाही. अडलंय ते नियतीपाशी.

मित्रांनो, पूर आला की आपण रेशन किट घेऊन धावतो. ती खिदमत हवीच. पण तिथेच थांबलो, तर सरकारची जबाबदारी आपण झकातीवर ढकलतो. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: पंचनाम्यात वाया गेलेल्या दुधाचा रकाना, प्रत्येक बल्क कूलरला जनरेटर आणि सातबारा नसलेल्यालाही भरपाई. सोबत गावातल्या सगळ्यांची, शेखांची आणि पाटलांचीही, दुधाची बिलं जोडा. ही भीक नाही, हक्क आहे.