आधी पाणी तपासा, मग बाटली विका

शोभेच्या माशांच्या धंद्यात एंजल माशाला वेगळाच मान आहे. मूळचा हा मासा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. आज चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपास शोभेच्या माशांची मोठी पैदास होते आणि तो माल देशभर जातो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांपासून गावोगावच्या टाकीवाल्यांपर्यंत अनेकांची रोजी या धंद्यावर चालते. पण या धंद्याला एक जुनी खोड आहे आणि तिच्याविषयी आज आम्हाला स्पष्ट लिहायचे आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणते, "मासा सुस्त आहे, खात नाही." दुकानदार काही न विचारता फळीवरची बाटली काढून हातात देतो. रोग कोणताही असो, बाटली तीच! आमच्या मते ही विक्री नव्हे, स्वतःच्याच धंद्याच्या मुळावर घातलेला घाव आहे.

एंजल आजारी पडला की पहिला संशय पाण्यावर घ्यावा. नवी टाकी, जास्त मासे, जास्त खाद्य, आणि गाळणीचा स्पंज नळाच्या पाण्यात खळखळून धुतलेला, इतके जमले की पाण्यात अमोनिया वाढतो. गाळणीत वाढणारे उपकारक जिवाणू हा अमोनिया पचवतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांनाच मारते. एका दिवसात टाकीतले सगळेच मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर तो बहुधा रोग नव्हे, पाण्याचा दोष असतो. अशा वेळी क्लोरीन काढलेल्या पाण्याने एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलावे, खाद्य बंद ठेवावे, हवेचा पंप पूर्ण सोडावा. येथे जंतुनाशक औषध ओतले तर गाळणीतले उरलेसुरले जिवाणूही मरू शकतात आणि अमोनिया आणखी वाढतो. म्हणजे औषधानेच मासा मरतो आणि नाव मात्र रोगाचे होते.

पांढरे दिसले म्हणजे एकच रोग नव्हे

सर्वांत जास्त घोटाळा पांढऱ्या डागांत होतो. अंगावर व परांवर रव्याच्या कणांसारखे सुटे ठिपके असतील आणि मासा दगडाला अंग घासत असेल, तर तो 'इक' हा परजीवी. हा किडा माशाच्या कातडीत असेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात, आणि ती पोहत नवा मासा शोधत असतात तेव्हाच औषध त्यांना मारते. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले की औषध बंद करणारा आठवड्याने पुन्हा दुकानात येतो. पाणी हळूहळू 30 अंशांपर्यंत गरम केले की किड्याचे चक्र लवकर फिरते. शेवटचा ठिपका गेल्यावरही तीन-चार दिवस औषध चालू ठेवावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा पंप जोरात हवा.

पण तोंडाभोवती कापसासारखा पुंजका किंवा पाठीवर राखाडी चट्टा असेल, तर ते बहुधा जिवाणूंचे काम असते. त्याला बुरशी समजून बुरशीचे औषध देतात, किंवा इक समजून पाणी तापवतात. उष्णतेने हा रोग अधिक वेगाने पसरतो. येथे जिवाणूंवरचे औषधच लागते, तेही वेगळ्या टाकीत. एका रोगाला जी उष्णता उपाय, तीच दुसऱ्याला खतपाणी. डोळे न उघडता बाटली देणाऱ्याला हा फरक कसा कळणार?

तिसरी गोष्ट विष्ठेची. एंजल खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, कोपऱ्यात काळवंडून उभा राहतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, पुढे डोक्यावर खड्डे पडतात. अशा वेळी आतड्यातील परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर मेट्रोनिडाझोल चालते. वेगळ्या टाकीत 40 लिटर पाण्याला 250 मिलिग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण. मासा खात असेल तर खाद्यातून दिलेले अधिक लागू पडते. आणि एकच कल्ला मिटून मासा जलद श्वास घेत असेल, तर कल्ल्यातील कृमी आठवावेत. त्यांच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून काही दिवसांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते.

धंद्याचा हिशेब

काही दुकानदार बंधू म्हणतील, "गिऱ्हाइकाला पाणी बदलायला सांगून आमच्या पदरात काय पडणार?" प्रश्न खरा आहे. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल सल्ल्याने भरत नाही. पण हिशेब पुरा मांडावा. बाटलीचा नफा एकदा मिळतो. ज्याचे मासे तीनदा मेले, तो टाकी रिकामी करून माळ्यावर टाकतो, आणि त्याच्याबरोबर खाद्य, गाळणी, पंप, मासे यांची वर्षानुवर्षांची विक्री जाते. उलट अमोनिया व पीएच तपासण्याचा संच दुकानात ठेवा, पाण्याची बाटली घेऊन येणाऱ्याला तेथेच तपासून द्या, हवे तर थोडी फी घ्या. तो माणूस दुसरे दुकान शोधणार नाही.

हाच हिशेब माल उतरवताना लावावा. नव्या खेपेचे एंजल थेट विक्रीच्या टाकीत सोडण्याऐवजी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावेत आणि त्यांची जाळी, नळी, बादली वेगळी ठेवावी. जागा अडते, हे मान्य. पण एक रोगी मासा सगळा माल घेऊन बसतो, त्यापुढे हे नुकसान थोडे. आजारी दिसणारा मासा कमी भावात खपवणे तर सरळ ऐब लपवणे झाले.

काचेच्या टाक्या बांधणाऱ्या कारागीर बंधूंचाही यात वाटा आहे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या काही सिलिकॉनमध्ये बुरशी रोखणारे रसायन असते आणि ते माशांना विषारी ठरते. मत्स्यालयाला चालणारेच सिलिकॉन वापरावे व ते पूर्ण सुकू द्यावे. एंजलचे पर उभे वाढतात, म्हणून त्याची टाकी निदान दीड फूट उंच करावी.

आमची सूचना साधी आहे. बाटलीला हात घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारा: टाकी किती जुनी, पाणी कधी बदलले, नवा मासा कधी आणला, आणि आजारी एक आहे की सगळे? निम्मे निदान या चार उत्तरांत होते. उरलेले निम्मे मासा पाहून करा. तरीही उलगडले नाही, तर "मला सांगता येत नाही" असे म्हणण्याने दुकानाची पत घटत नाही. चुकीच्या औषधाने मासा मेला, तर मात्र ती घटते.