मुक्कामाला जागा मिळेल का?

एखादे शहर मोठे आहे हे कशावरून ठरवायचे? इमारतींची उंची, पुलांची लांबी, बंदरातील उलाढाल ही मापे नेहमीची आहेत आणि ती वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळतात. माझ्या मते याहून साधे असे एक माप आहे. ज्याची त्या शहरात कोणाशी ओळख नाही, ज्याच्या खिशात बेताचेच पैसे आहेत, अशा परक्या माणसाला तेथे एक रात्र सन्मानाने पाठ टेकता येते की नाही? या मापाने नवी मुंबईचा बंदरपट्टा मोजून पाहण्याचा योग गेल्या डिसेंबरात आला. आलेले उत्तर समाधानकारक नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

निमित्त झाले इतिहास विभागाच्या प्रकल्पाचे. बंदरासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्या उरण तालुक्यातील गावांत जाऊन वृद्ध माणसांच्या आठवणी टिपून घ्याव्यात, असे आमच्या बाईंनी सुचवले. तृतीय वर्षाच्या आम्ही चौघीजणी त्यासाठी निघालो. रत्नागिरीहून पनवेल, तेथून लोकलने बेलापूर आणि बेलापूरहून उरणची गाडी. कित्येक वर्षे रखडलेला हा रेल्वेमार्ग १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत खुला झाला. शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतूही त्याच दिवशी सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी याच परिसरातील विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे रेल्वे झाली, रस्ता झाला, आकाशमार्गही झाला. ‘जायचे कसे’ हा प्रश्न पुष्कळसा सुटला. राहिला तो ‘राहायचे कोठे’ हा प्रश्न.

त्या भागात प्रथमच जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात ते कंटेनर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कुंपणांच्या आत, एकावर एक चार-चार, पाच-पाच रचलेले. जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि आज ते देशातील अग्रगण्य कंटेनर बंदरांपैकी एक आहे. २०२४-२५ या एका वर्षात, वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजले, तर ७० लाखांहून अधिक कंटेनर येथून हलले. यातला प्रत्येक कंटेनर कोणत्या आवारात, कोणत्या रांगेत, कितव्या थरावर ठेवायचा हे ठरलेले असते. त्याला क्रमांक असतो, पहारा असतो. नाशिकची द्राक्षे भरलेला कंटेनर असेल तर त्याला विजेची जोडणीही मिळते, कारण आतला गारवा क्षणभरही कमी होऊन चालत नाही. तीच द्राक्षे ज्याने रात्रभर गाडी हाकून आणली तो चालक मात्र आपल्या केबिनमध्ये पाय मुडपून झोपलेला असतो.

वीस फुटी कंटेनर आठ फूट रुंद असतो. त्याची जमीन भरते १६० चौरस फूट. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे कामगारांसाठी बीडीडी चाळी उभ्या राहिल्या; त्यांतली एक खोलीही १६० चौरस फुटांचीच. त्या एवढ्याशा खोलीत कोकणातून, घाटावरून आलेली अख्खी कुटुंबे राहिली. वर गावाहून आलेला भाचा, पुतण्या नोकरी लागेपर्यंत तेथेच गॅलरीत पथारी टाकून राहिला. तेवढीच जागा या बंदरात लोखंडाच्या एका डब्याला बिनबोभाट मिळते. व्यापाराला माझा विरोध नाही. कंटेनरला जागा द्यायलाच हवी. प्रश्न एवढाच की, ज्या नियोजनाला लाखो डब्यांचा मुक्काम ठरवता येतो, त्याला माणसांचा का ठरवता येऊ नये?

आता आमचा अनुभव. फोनवरून एक खोली ठरवली होती. दारात आम्हां चौघींना पाहताच तेथील गृहस्थ म्हणाले, “बरोबर कोणी जेंट्स नाहीत का? मग नाही जमणार. आमच्याकडे फक्त फॅमिली.” महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवले, आधारकार्ड दाखवले, विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र दाखवले. उपयोग शून्य. दुसऱ्या ठिकाणी खाटा होत्या, पण केवळ पुरुषांसाठी. तिसऱ्या ठिकाणी कोणी काही विचारले नाही. मात्र एका रात्रीचे भाडे आमच्या वसतिगृहाच्या महिन्याच्या खानावळीच्या बिलाएवढे. वस्तुतः सज्ञान व्यक्तीने ओळखपत्र दाखवून खोली घेण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पण काउंटरमागच्या माणसाचा कायदा निराळा असतो. चार मुली अभ्यासासाठी घराबाहेर पडू शकतात ही गोष्टच त्याच्या वहीत नोंदवायला रकाना नाही.

ही केवळ मुलींची अडचण आहे असे कोणी समजू नये. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी शहरात आलेल्या मुलांनी पदपथावर, पुलाखाली रात्र काढल्याच्या बातम्या आपण वाचतो. बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या माणसांची कामे तेथे असतात. सावंतवाडीचा माणूस रात्रीच्या गाडीने येतो, स्थानकावर तोंड धुतो आणि साहेब आज नाहीत असे कळले की पुन्हा स्थानकावरच येतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणे त्याला परवडत नाही.

पूर्वी असे नव्हते काय? जुन्या मुंबई बंदराच्या आणि गिरण्यांच्या काळात परक्या माणसाची सोय सरकारने फारशी केली नाही हे खरे. पण माणसांनी आपापसांत ती करून घेतली. गिरणगावात गावकरी मंडळांच्या खोल्या होत्या. एकेका गावाने वर्गणी काढून खोली घ्यायची, भिंतीलगत प्रत्येकाची ट्रंक, दोरीवर कपडे आणि पाळीप्रमाणे झोपणे. एक कामावरून आला की दुसरा उठून कामावर जायचा. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. याच बायांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते. काही आजही आहेत. कूड म्हणजे खोली. बोटीवर जाणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस नाममात्र पैशांत तेथे काढी, त्याची पेटी तेथे सुरक्षित राही आणि संध्याकाळची प्रार्थना सर्वांनी मिळून होई. शिवाय गाडगेबाबांच्या धर्मशाळा. स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या त्या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी परक्यांसाठी इमारती उभ्या केल्या.

या व्यवस्था आदर्श होत्या असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. गावाची खोली गावातल्या पुरुषांची होती. तेथे बाईला जागा नव्हती, आणि कोणत्या जातीच्या माणसाची पथारी कोठे पडायची हेही बहुधा गावाप्रमाणेच ठरत असेल. तेव्हा ती जुनी खोली परत आणा असे मी म्हणत नाही. त्या खोलीमागची जाणीव तेवढी परत यायला हवी. शहरात येणारा प्रत्येक माणूस येताना भाड्याचे पैसे घेऊनच येतो असे नाही, ही ती जाणीव.

नवी मुंबई तर कोऱ्या कागदावर आखलेले शहर. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकातून पलीकडच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांची जमीन या शहराखाली गेली. अर्थात कागद कोरा होता तो आखणाऱ्यांच्या दृष्टीने. त्यावर भातशेती होती, मिठागरे होती, कोळीवाडे होते. या शहराने बाजारपेठेला जागा दिली, ट्रकना जागा दिली. वाशी स्थानकाजवळ निरनिराळ्या राज्यांच्या भवनांनाही भूखंड दिले. आसाम भवन, केरळ हाऊस, ओडिशा भवन या वास्तू तेथे आहेत. उपचारासाठी हजारो मैलांवरून येणाऱ्या रुग्णांना आपल्या राज्याचे छप्पर मिळते ही चांगलीच गोष्ट आहे. तेथेच महाराष्ट्र भवन व्हावे ही मागणी कित्येक वर्षे चालली आणि त्यासाठी भूखंडही राखला गेला. ते भवन दिमाखदार व्हावे असे सर्वांनाच वाटते. मला विचारायचे आहे ते निराळेच. त्यात खाट कोणाला मिळणार? अधिकाऱ्यांसाठी दालने आणि समारंभांसाठी सभागृह एवढ्यावर ते थांबणार असेल, तर सावंतवाडीचा तो माणूस स्थानकावरच राहील. निदान एक मजला विद्यार्थी, उमेदवार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी, आणि त्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन, एवढे तरी त्यात हवे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला सुरक्षिततेचा. बंदराचा भाग, कोण कोठला माणूस कसा ओळखायचा? पण ओळखपत्र पाहणे, वहीत नोंद करणे आणि रात्री दाराशी रखवालदार ठेवणे ही खरी सुरक्षितता. चार मुलींना संध्याकाळी रस्त्यावर परत पाठवणे ही कोणती सुरक्षितता? दुसरा आक्षेप असा की, हे काम बाजारावर सोडावे. मागणी असेल तर लॉज निघतील. लॉज निघालेच आहेत. पण ते कंपनीच्या खर्चाने येणाऱ्यांसाठी आहेत. ज्याच्यापाशी दोनशे-तीनशे रुपयेच आहेत त्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही.

मग आम्ही राहिलो कोठे? बाईंनी फोनवरून एका मावशींची गाठ घालून दिली. जासईच्या बाजूचे आगरी कुटुंब. बंदरासाठी जमीन गेलेले. मावशींनी काही विचारले नाही, “पोरींना रातची बाहेर ठेवायची का?” एवढेच त्या म्हणाल्या आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. याच परिसरात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले ते या लढ्यामुळे. ज्यांना स्वतःच्याच गावात राहण्याच्या हक्कासाठी असे लढावे लागले, त्यांनी आम्हांला तीन रात्री घरात घेतले आणि निघताना पैसे पुढे केले तर रागावले.

पण या आदरातिथ्याचे गोडवे गाऊन थांबणे मला योग्य वाटत नाही. आमची सुटका ओळखीने झाली. बाईंची ओळख नसती तर? दर वर्षी या पट्ट्यात येणाऱ्या हजारोंना मावशी कोठून मिळणार? एका घराच्या चांगुलपणावर शहराने आपली जबाबदारी टाकून मोकळे व्हावे हे त्या घरावरही अन्यायाचे आहे.

सरकार आणि सिडको यांच्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, म्हणून शेवटी आपल्यापुरते. १९०९ साली जर्मनीत रिचर्ड शिरमान नावाचा शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वादळात सापडला आणि त्या सर्वांनी एका गावातील शाळेत रात्र काढली. सुटीत ओस पडणाऱ्या शाळा प्रवासी विद्यार्थ्यांसाठी का उघडू नयेत, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. १९१२ साली आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायमचे युवा वसतिगृह सुरू झाले आणि ही चळवळ जगभर पसरली. तिची सुरुवात रिकामा वर्ग आणि गवताच्या गाद्या एवढ्यावरच झाली होती.

आपल्या महाविद्यालयातही दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहाच्या खोल्या रिकाम्या असतात. रत्नागिरीला परीक्षेसाठी, मुलाखतीसाठी, अभ्याससहलीसाठी येणाऱ्या परगावच्या विद्यार्थ्यांना त्या नाममात्र शुल्कात का देऊ नयेत? त्या बदल्यात पनवेल, उरण, वाशी येथील महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना तशीच सोय द्यावी. यासाठी नवी इमारत नको, अनुदान नको. ओळखपत्र, नोंदवही, एक जबाबदार रेक्टर आणि दोन महाविद्यालयांमधील एक करार पुरे. मुलामुलींना सारखाच नियम असावा, हे मात्र त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. विद्यार्थी मंडळाने हा विषय येत्या सत्राच्या पहिल्याच सभेत घ्यावा आणि प्राचार्यांनी त्या महाविद्यालयांना पत्रे पाठवावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. पुढच्या वर्षी आपल्यापैकी कोणीतरी त्या गाडीने उरणला उतरणार आहे, आणि तिने बॅग कोठे ठेवायची हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.