जे शोधात सापडेल, तेच ज्ञान?

विशेष प्रतिनिधी

जखमेवर हळद लावावी, हे भारतात कोणाला सांगावे लागत नाही. अमेरिकेत मात्र ते पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले. जखम बरी करण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. जुन्या ग्रंथांपासून १९५३ मधील एका भारतीय वैद्यक नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले.

या विजयाचे कौतुक झाले, ते रास्तच होते. परंतु असे पेटंट मुळात मिळालेच कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ प्रत्यक्ष वापर ग्राह्य नव्हता. छापील पुरावा आवश्यक होता. ही अट मार्च २०१३ पासून सैल झाली. तथापि, पुरावा परीक्षकाच्या शोधात सापडला नाही, तर तो असून नसल्यासारखाच.

शोधाची साधने आज विपुल आहेत. युरोपीय पेटंट कार्यालयाचे ‘एस्पेसनेट’, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे ‘पेटंटस्कोप’, ‘गुगल पेटंट्स’ आणि भारतीय पेटंट कार्यालयाचे ‘इनपास’ ही सर्व विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र नुसता शब्द टाकून भागत नाही. हळद कुठे ‘टर्मरिक’ असते, कुठे ‘कर्क्युमा लाँगा’, तर ग्रंथांत ‘हरिद्रा’. म्हणूनच जाणकार वर्गीकरणाच्या संकेतांकांचा आधार घेतात. वनस्पतिजन्य औषधांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २००६ पासून ‘ए६१के ३६’ हा स्वतंत्र गट आणि त्याखाली सुमारे २०० उपगट आले. त्यामागे भारताचा पाठपुरावा होता. शिवाय नवे अर्ज साधारणतः १८ महिने अप्रकाशित राहत असल्याने कोणताही शोध परिपूर्ण नसतो.

भाषेची दरी भरून काढण्यासाठी २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी ग्रंथांतील माहिती इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत आणण्यात आली. ‘मसूरिका’ म्हणजे देवी, असा आधुनिक संज्ञांशी मेळही घालण्यात आला. २००९ मध्ये युरोपीय व अमेरिकी पेटंट कार्यालयांशी करार झाले. दीर्घकाळ हे भांडार पेटंट कार्यालयांपुरतेच मर्यादित होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते टप्प्याटप्प्याने, शुल्क आकारून इतरांसाठीही खुले करण्यास मंजुरी दिली.

तरीही मोठी उणीव उरतेच. या ग्रंथालयाचा पाया लिखित ग्रंथ हा आहे. वैदू आणि आदिवासींचे मुखोद्गत ज्ञान बव्हंशी त्याच्या बाहेर आहे. भारतीय पेटंट कायद्याचे कलम २५ स्थानिक समाजाचे मौखिक ज्ञानही हरकतीचा आधार मानते. पण हरकत घेण्यासाठी आधी अर्ज दिसायला हवा आणि ज्ञानाची कुठेतरी नोंद हवी. ती नोंद सर्वांना खुली केली, तर कोणीही तिचा फुकट लाभ उठवण्याचा धोका. गुप्त ठेवली, तर परकीय परीक्षकाला ती दिसणार नाही. म्हणून नोंद कोणाच्या संमतीने करायची, ती कोणाला दाखवायची आणि लाभातील वाटा कोणाला द्यायचा, हे आधी ठरले पाहिजे. हळदीच्या बाजूने निदान ग्रंथ तरी उभे होते. ज्या मुळीचे नाव कोणत्याही पोथीत नाही, तिच्या बाजूने कोण उभे राहणार?