पंक्चर झालं, आता?

रविवारी पहाटे मीरा रोडची सायकलवाली मंडळी घोडबंदर रोडला किंवा उत्तनकडे निघतात. काहींच्या डोक्यात गोव्याची हाफ आयर्नमॅन असते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. प्रॅक्टिस सगळी दमाची. पण मध्येच पंक्चर झालं तर? तिथे टपरीवाला नाही, आणि घरच्यांची मदत घेतलीत तर बाद व्हाल.

२००८ मध्ये हवाईच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये क्रिसी वेलिंग्टनचं हेच झालं. हवा भरायचा गॅस वाया गेला, बाई रस्त्याकडेला उभी! मागून आलेल्या रिबेका कीटनं आपलं कार्ट्रिज दिलं. प्रतिस्पर्धी असून! क्रिसी निघाली आणि जिंकलीसुद्धा. त्याआधी २००५ मध्ये आदल्या वर्षीचा विजेता नॉर्मन स्टॅडलर दोन पंक्चरनंतर रेस सोडून गेला होता. २००६ मध्ये तोही परतून जिंकला.

तेव्हा बॉस, दोन ट्यूब, टायर लिव्हर, कार्ट्रिज आणि छोटा पंप सोबत हवाच. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काच, तार तशीच राहिली तर तीही गेलीच समजा. मागचं चाक काढायची-लावायची सवय घरीच करा. दम वाढवायला महिने लागतात, याला एक रविवार पुरतो.