तारणहाराची गोष्ट आणि आपली गोष्ट

जातीय अत्याचारावर एखादा सिनेमा आला की आपल्या तरुणांमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो, दिग्दर्शक कोण? प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. तो पुढे न्यायचा असेल तर १९९० ते १९९३ या चार वर्षांतले काही अमेरिकन सिनेमे कार्यकर्त्यांनी एकत्र बसून पाहावेत, असे आम्हाला वाटते.

१९९० साली केविन कॉस्टनरचा 'डान्सेस विथ वुल्व्ज' आला. त्याला सात ऑस्कर मिळाले. लाकोटा लोकांची भाषा त्यात ऐकू येते, मूलनिवासी कलाकार सन्मानाने दिसतात, हे आम्ही मान्य करतो. पण गोष्ट कुणाची आहे? एका गोऱ्या लेफ्टनंटची. मन त्याचे बदलते, निर्णय तो घेतो. लाकोटांचे स्वातंत्र्य गेले, ही बातमी मात्र शेवटी पडद्यावरच्या काही ओळींत उरकली जाते.

१९९३ च्या 'शिंडलर्स लिस्ट'लाही सातच ऑस्कर. इथे दिग्दर्शक स्पिलबर्ग स्वतः ज्यू आहे, म्हणजे 'परका दिग्दर्शक' हा आक्षेप उरत नाही. तरीही कथेच्या मध्यभागी उभा आहे तो नाझी पक्षाचा सभासद असलेला कारखानदार. शिंडलरने सुमारे ११०० ज्यूंचे प्राण वाचवले, हे खरे आहे आणि त्याबद्दल आदरच आहे. पण १९४३ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत ज्यू तरुण शस्त्र घेऊन नाझींविरुद्ध उभे राहिले, हेही तितकेच खरे आहे. जगभर गाजली ती वाचवणाऱ्याची गोष्ट. वाचवणाऱ्याची गोष्ट पाहताना प्रस्थापित प्रेक्षकाला स्वतःची लाज वाटत नाही. तो स्वतःला शिंडलरच्या जागी ठेवतो आणि डोळे पुसून घरी जातो.

आता दुसरी बाजू पाहू. १९९१ साली जॉन सिंगलटनने 'बॉइज एन द हूड' केला. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्तीतला एक बाप आपल्या मुलाला आणि त्याच्या मित्राला उघड्यावर उभे करून विचारतो की, आपल्याच वस्तीत कोपऱ्याकोपऱ्यावर दारूची आणि बंदुकीची दुकाने का? इथे कुणी तारणहार येत नाही. वस्तीच वस्तीची चिकित्सा करते. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला सिंगलटन हा पहिला काळा दिग्दर्शक. पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही.

१९९२ साली स्पाइक लीचा 'माल्कम एक्स' आला. तुरुंगातला माल्कम शब्दकोश उघडून बसतो आणि 'काळा' या शब्दाचे अर्थ वाचतो, तो प्रसंग बाबासाहेबांच्या कोणत्याही अनुयायाला समजावून सांगावा लागणार नाही. हा माणूस चुकतो, शिकतो, ज्या संघटनेने घडवले तिलाच प्रश्न विचारतो. तो दयेचा विषय नाही, विचार करणारा माणूस आहे. या सिनेमालाही दोन नामांकने आणि शून्य ऑस्कर.

पण आमच्या मते या सिनेमातून घेण्यासारखा सर्वांत मोठा धडा पडद्याबाहेर आहे. सुरुवातीला हा सिनेमा नॉर्मन ज्युइसन हा गोरा दिग्दर्शक करणार होता. लीने जाहीर विरोध केला आणि काम मिळवले. पुढे खर्च वाढला, तेव्हा हमी घेतलेल्या कंपनीने आर्थिक ताबा घेऊन पैसा रोखला. लीने स्वतःच्या मानधनाचा मोठा भाग ओतला आणि समाजातल्या यशस्वी लोकांकडे हात पसरला. ओप्रा विन्फ्री, मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, प्रिन्स, ट्रेसी चॅपमन यांनी पैसे दिले. गुंतवणूक म्हणून नव्हे, देणगी म्हणून. १९ मे १९९२ रोजी, माल्कमच्या जयंतीदिवशी, लीने हे जगाला सांगितले. तीन तास बावीस मिनिटांचा सिनेमा कापला न जाता उभा राहिला.

याचा अर्थ आपला दिग्दर्शक आणि आपला पैसा आला की प्रश्न संपतो, असे नाही. लीला सर्वांत कडक प्रश्न विचारणारे कवी अमिरी बराका काळेच होते. मध्यमवर्गीय ली माल्कमला गुळगुळीत करून टाकेल, अशी त्यांची भीती होती. ही चिकित्सा आपल्यातही हवी. आणि त्याच काळात ज्युली डॅशने 'डॉटर्स ऑफ द डस्ट'मध्ये काळ्या स्त्रियांच्या तीन पिढ्या उभ्या केल्या, तिचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? आपल्या चळवळीतही कॅमेऱ्यामागे आपल्या भगिनी किती आहेत?

आता आपल्याकडे वळू. १९८२ च्या अॅटनबरोच्या 'गांधी'त भारत सरकारच्या महामंडळाचा पैसा होता, पण त्यात बाबासाहेब नव्हते. २००० साली जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरचा सिनेमा आला, तोही सरकारी पैशातून. तो झाला, हे चांगलेच झाले. पण गोष्ट सांगायला दरवेळी सरकारची किंवा स्टुडिओची मर्जी राखायची का? आंबेडकरी जलसे अनुदानावर उभे राहिले नव्हते. समाजाच्या वर्गणीवर आणि शाहिरांच्या कष्टावर ते गावोगाव गेले.

'पोटाला नाही आणि सिनेमा कसला?' असे कुणी म्हणेल. पण १४ एप्रिलला डीजेसाठी आपण वर्गणी गोळा करतोच ना? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जयंती मंडळाने वर्गणीचा ठरावीक हिस्सा बाजूला काढावा, जिल्ह्याचा एक चित्रपट निधी करावा, हिशेब उघड ठेवावा. सुरुवात वीस मिनिटांच्या लघुपटापासून होऊ द्या. निम्मे काम मुलींच्या हाती द्या. तो विहारात दाखवा आणि नंतर तासभर वाद घाला.

आपल्यावर रडणारे सिनेमे इतरांनी खूप केले. आपण कसा विचार करतो, हे दाखवणारे सिनेमे आपल्यालाच करावे लागतील आणि त्यासाठी खिशात हातही आपल्यालाच घालावा लागेल.

जय भीम!